सर्व्हरची वाटणी : कोण किती थांबले?

तिरोडा तालुक्यातले चोरखमारा बाहेरच्या लोकांना नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे एक द्वार म्हणून माहीत असते. इथल्या शेतकऱ्यासाठी ते आधी तलावाचे आणि भाताचे ठिकाण आहे. पऱ्हे रोवणीला आले की घरोघरी एकच विचार चालू असतो : पुढच्या चार-पाच दिवसांत पाऊस येणार का, आणि आला तर किती? या प्रश्नाचे जे उत्तर मोबाइलवर येते, त्याचे मोठे गणित पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या महासंगणकावर होते. ८ जानेवारी २०१८ रोजी तिथे 'प्रत्युष' सुरू झाला, क्षमता चार पेटाफ्लॉप. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत 'अर्क' आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा.

असे यंत्र एका कामाला वाहिलेले नसते. रोजचा अंदाज तिथे चालतो. १ जून २०१८ पासून त्याच्या जोडीला २१ अंदाजांचा एक संच चालतो. सुरुवातीची स्थिती जराजराशी बदलून तेच गणित २१ वेळा करायचे, म्हणजे पावसाची शक्यता टक्क्यांत सांगता येते. शिवाय संपूर्ण मोसमाचा अंदाज आहे, शंभर वर्षांच्या हवामानबदलाचे गणित आहे, आणि पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रयोग आहेत. यातल्या रोजच्या अंदाजामागे घड्याळ लागलेले असते. पहाटे साडेपाचच्या सुमारास नागपूरसह देशभरातून फुगे सोडले जातात, निरीक्षणे गोळा होतात आणि गणित सुरू होते. ते संध्याकाळी पूर्ण झाले तर त्यातला पहिल्या दिवसाचा अंदाज तो दिवस सरल्यावर हाती येईल. हवामानबदलाचे गणित मात्र दोन दिवस उशिरा संपले तरी कुणाचे पीक जात नाही.

एकाच यंत्रावर अनेकांची कामे चालत असताना कुणाला किती द्यायचे हे कसे ठरवायचे, आणि ठरवलेले प्रत्यक्षात मिळते आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, या प्रश्नाचा हा आढावा आहे. प्रश्न महासंगणकापुरता नाही. बँकेच्या डेटाबेसला, सातबाऱ्याच्या उताऱ्याला, रेशन दुकानातल्या यंत्राला उत्तर देणाऱ्या प्रत्येक सर्व्हरपुढे तो उभा असतो. सेतू केंद्रावर 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य ऐकून माणूस दिवस मोडून परत जातो, तेव्हा ते यंत्र पुष्कळदा चालूच असते. दुसऱ्या कुठल्या तरी कामाने त्याचा वाटा खाल्लेला असतो.

मोठे यंत्र घेतले की प्रश्न मिटेल, असे पुष्कळांना वाटते. हवामानाचेच उदाहरण घ्या. अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणायची तर लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट आणि वेळेच्या पावलांतही साधारण दुप्पट काम होते. गणिताची पद्धत तीच ठेवली तर आठपट. मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरची 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू झाली. प्रत्युषपेक्षा अर्क जवळपास तिपटीने मोठा आहे. यंत्र तिप्पट आणि काम आठपट, म्हणून पद्धतीतही सुधारणा करावी लागते आणि वाटणीचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. क्षमता वाढली की भूकही वाढते, आणि ती नेहमी थोडी पुढे धावते.

अशा यंत्रांवर चालणाऱ्या युनिक्समध्ये या प्रश्नाचे सर्वांत जुने उत्तर 'नाइस' या कमांडचे आहे. आपले काम घाईचे नसेल तर वापरणाऱ्याने स्वतःच आपला अग्रक्रम खाली आणावा. त्यात सौजन्य आहे, हमी नाही. शिवाय हा अग्रक्रम एकेका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या एकेका प्रोग्रॅमला, लागतो. एकाने एक प्रोसेस चालवली आणि दुसऱ्याने वीस, तर दुसऱ्याला जवळपास वीसपट वाटा मिळतो आणि नियम कुठेही मोडलेला नसतो. १९८३ च्या सुमारास बर्कलेच्या युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीवर, फाइलींवर आणि प्रोसेसरच्या वेळेवर मर्यादा घालण्याची सोय आली. तीही एकेका प्रोसेसपुरतीच.

वाटा माणसाला द्यायचा, प्रोसेसला नाही, हा विचार विद्यापीठात पुढे गेला याचे मला नवल वाटत नाही. जर्नल देण्याच्या आदल्या रात्री सगळा वर्ग एकाच यंत्रावर तुटून पडतो, हे तिथे दर सत्रात दिसते. सिडनी विद्यापीठातल्या ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी जानेवारी १९८८ मध्ये 'फेअर शेअर शेड्यूलर'वरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचा गाभा असा : प्रत्येकाला ठरावीक हिस्से द्यायचे, त्याने अलीकडे किती वापरले ते लक्षात ठेवायचे आणि तो जुना वापर हळूहळू विसरत जायचे. ज्याने आज सकाळी भरपूर घेतले त्याला दुपारी थोडे थांबावे लागेल, पण महिन्यापूर्वीच्या वापराची शिक्षा त्याला आज होणार नाही. आज जगभरच्या महासंगणकांच्या रांगांमध्ये जे 'फेअरशेअर' चालते ते याच कल्पनेचे वंशज आहे.

त्याच १९८८ मध्ये पुण्यात महासंगणक बनवणाऱ्या सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यात ट्रान्सप्युटर होते, प्रत्येकाला स्वतःची मेमरी. १९९८ चा 'परम १००००' सनच्या एंटरप्राइज २५० सर्व्हरांवर बांधलेला होता, प्रत्येकात दोन अल्ट्रास्पार्क प्रोसेसर, म्हणजे प्रत्येक नोडवर (समूहातल्या एकेका यंत्रावर) सनचे युनिक्स, सोलारिस. 'परम पद्म' बंगळुरूला बसवला गेला, पण तो याच संस्थेचा. आयबीएमच्या पॉवर४ प्रोसेसरांवरचा हा संगणक जून २००३ च्या 'टॉप ५००' यादीत १७१ वा होता आणि त्यावर आयबीएमचे युनिक्स, एआयएक्स, चालत असे. पुण्यातल्याच टाटांच्या 'एका'ने नोव्हेंबर २००७ मध्ये त्या यादीत चौथा क्रमांक घेतला. पुढे परम युवा २, आयसर पुणे इथला परम ब्रह्म, आणि २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठीचा परम रुद्र. व्यापारी युनिक्सपासून लिनक्सपर्यंतचा सगळा प्रवास एका शहराच्या अनुभवात बसतो. वाटणीच्या साधनांचा इतिहासही त्याच वाटेने गेला आहे.

त्या साधनांत सर्वांत स्वच्छ रचना, माझ्या मते, सोलारिसची. १९९७ च्या सोलारिस २.६ मध्ये प्रोसेसरांचे संच करता येऊ लागले : हे चार प्रोसेसर या कामाचे, बाकीचे इतरांचे. २००२ च्या सोलारिस ९ मध्ये त्यावर 'रिसोर्स पूल' आले. पूल म्हणजे प्रोसेसरांचा एक संच आणि तिथे चालणारा शेड्यूलर यांची नाव दिलेली जोडी. 'पूलसीएफजी'ने आराखडा लिहायचा : अमुक संचात किमान दोन, कमाल चार प्रोसेसर, अमुक पूल त्या संचाशी जोडलेला. 'पूलअ‍ॅडम'ने तो आराखडा चालत्या यंत्रावर लावायचा. मग 'पूलबाइंड'ने एखादी प्रोसेस किंवा अख्खा प्रोजेक्ट, म्हणजे नाव दिलेला कामांचा गट, त्या पूलमध्ये नेऊन ठेवायचा. काम बंद करावे लागत नाही, यंत्रही नाही. आराखडा फाइलमध्ये राहतो, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झाले तरी वाटणी तीच असते, आणि तीन वर्षांनी आलेल्या नव्या अ‍ॅडमिनला ती वाचता येते. हा शेवटचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. वाटणी कुणाच्या तरी डोक्यात असणे आणि ती कागदावर असणे यात फार अंतर आहे.

या रचनेतला एक बारकावा मात्र ध्यानात घ्यावा लागतो. प्रोसेस ज्या पूलमध्ये असते त्याच पूलमध्ये तिच्या पोटी जन्मलेल्या प्रोसेस जातात. डेटाबेसची मुख्य प्रोसेस आज तुम्ही पूलमध्ये नेली, तर तिच्या आधी जन्मलेल्या पन्नास प्रोसेस बाहेरच राहतात. उलट बाजूनेही हेच घडते. रात्री दोन वाजता सेवा कोसळली, अ‍ॅडमिनने स्वतःच्या शेलमधून ती हाताने सुरू केली, की ती अ‍ॅडमिनच्या पूलमध्ये जन्मते आणि ठरवून ठेवलेली वाटणी मुकाट्याने गळून पडते. सकाळी सगळे चालू दिसते. आठवड्याभराने महिनाअखेरीचा भार येतो तेव्हा कळते. म्हणून प्रोसेसच्या क्रमांकाने बांधण्यापेक्षा प्रोजेक्टच्या नावाने बांधावे आणि सेवा नेहमी सेवा-व्यवस्थेमार्फतच सुरू करावी. 'पूलबाइंड'ला एखादी प्रोसेस आत्ता कुठे आहे असे विचारता येते. हा प्रश्न रोज आपोआप विचारला जावा अशी सोय ज्यांनी केली आहे, त्यांचीच वाटणी टिकते.

दुसरा बारकावा मूळ पूलचा. ज्याची कुठेच नेमणूक नाही ते सगळे मूळ पूलमध्ये पडते आणि त्यात निदान एक प्रोसेसर ठेवावाच लागतो. आठपैकी सात प्रोसेसर डेटाबेसला द्यायचा मोह होतो. मग लॉगिन, बॅकअप, नोंदी, देखरेखीचे एजंट, नेटवर्कच्या सेवा या सगळ्यांना उरलेल्या एकात दाटीवाटी करावी लागते. ज्या दिवशी अडचण येते त्याच दिवशी अ‍ॅडमिनला लॉगिन मिळत नाही. डेटाबेस तिकडे उत्तम चाललेला असतो, पण त्याच्यापर्यंत पोचणारी वाट बंद पडलेली असते.

जानेवारी २००५ च्या सोलारिस १० मध्ये झोन, म्हणजे एकाच यंत्रातले वेगळे बंदिस्त कप्पे, आले आणि पूल स्वतःहून आकार बदलू लागले. एखाद्या संचाचा वापर ८० टक्क्यांच्या खाली राहावा असे उद्दिष्ट लिहून ठेवले, की 'पूलडी' नावाचा पहारेकरी कमी-अधिक महत्त्व पाहून प्रोसेसर इकडून तिकडे सरकवतो. कल्पना सुंदर आहे, तरी घड्याळाच्या कामाला मी ती लावणार नाही. कितीतरी प्रोग्रॅम सुरू होतानाच प्रोसेसर मोजतात आणि त्या आकड्यावर आपले थ्रेड ठरवतात. नंतर बदललेला आकडा त्यांना कळत नाही. पूल वापरण्याचे आणखी एक कारण पूर्णपणे पैशाचे होते. ओरॅकलच्या परवान्याची किंमत कोरच्या संख्येवर ठरते आणि मर्यादा घातलेले सोलारिस झोन ओरॅकल 'कडक विभागणी' म्हणून मान्य करते. मोठ्या यंत्राच्या एका कोपऱ्यात डेटाबेस कोंडून तेवढ्याच कोरचा परवाना घेता येतो. अनेक कंपन्यांत ही वाटणी कामगिरीसाठी झाली नाही, हिशेब खात्यासाठी झाली.

नाव रिसोर्स पूल असले तरी वाटले जात होते ते प्रोसेसरच. मेमरीचे संच कधी आलेच नाहीत. तिच्यासाठी वेगळा पहारेकरी होता. तो अधूनमधून मोजणी करून, मर्यादा ओलांडणाऱ्याची पाने डिस्कवर ढकलत असे. मोजणी आणि कारवाई यांच्या मधल्या वेळात एखादी उधळलेली प्रोसेस पुष्कळ मेमरी गिळू शकते. आयबीएमने एआयएक्सच्या ४.३.३ आवृत्तीत वेगळी वाट धरली : कामांचे वर्ग, वर्गांचे थर, आणि प्रत्येक वर्गाला किमान, कमाल व हिस्सा. प्रोसेसर, मेमरी आणि पुढे डिस्कही या एकाच भाषेत. व्याप्ती मोठी, पण नियम समजून घ्यायला अवघड. दोन्ही पद्धतींत मूळ मतभेद कुंपणाचा आहे. सोलारिसचा पूल कुंपण घालतो, एआयएक्सचे वर्ग वजन देतात.

कुंपण घातले की हमी मिळते आणि आतले रिकामे प्रोसेसर वाया जातात. वजन दिले की काहीच वाया जात नाही, कारण जो नाही त्याचा वाटा इतरांना मिळतो. पण तो परत आला की त्याला आपली जागा पुन्हा मिळवावी लागते. किती वाया जाते याचा विश्वासार्ह आकडा गूगलने २०१५ मध्ये आपल्या 'बोर्ग' या व्यवस्थेवरच्या निबंधात दिला. लोकांना लगेच उत्तर द्यावे लागणारी कामे आणि मागे चालणारी कामे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवली असती, तर त्यांच्या मध्यक (मीडियन) समूहात २० ते ३० टक्के जादा यंत्रे लागली असती. कुणाला वाटेल, गूगलची गोष्ट वेगळी. पण ज्या सार्वजनिक संस्थेला दहा वर्षांतून एकदा यंत्र मिळते, तिला तर ही २० टक्के त्याहून जास्त टोचायला हवीत.

लिनक्समध्ये कामांचे गट करून वाटणी करण्याचे एक काम गूगलमध्येच २००६ मध्ये सुरू झाले. पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांचे हे काम 'सीग्रुप' या नावाने जानेवारी २००८ च्या कर्नल २.६.२४ मध्ये आले. त्यातला गटागटाने प्रोसेसर वाटणारा भाग श्रीवत्स वड्डगिरी यांनी लिहिला आणि मेमरीची मर्यादा बलबीर सिंग यांनी. दोघेही तेव्हा आयबीएमच्या बंगळुरूच्या लिनक्स केंद्रात काम करत होते. आज लिनक्सवर कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यांना प्रोसेसर आणि मेमरी वाटून देणाऱ्या या दोन भागांचे मूळ भारतात लिहिले गेले, हे आपल्याकडच्या संगणकाच्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे. सीग्रुपची दुसरी, एकसंध आवृत्ती २०१६ मध्ये आली.

२०१२ च्या कर्नल ३.२ पासून सीग्रुपमध्ये कमाल मर्यादाही घालता येते, आणि इथे पुष्कळजण फसतात. ही मर्यादा सहसा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजली जाते. 'एक प्रोसेसर' इतकी मर्यादा म्हणजे प्रत्येक खिडकीत १०० मिलिसेकंदांचे काम. प्रोग्रॅमचे चार थ्रेड चार प्रोसेसरांवर एकदम धावले तर तो वाटा पहिल्या २५ मिलिसेकंदांतच संपतो आणि उरलेले ७५ मिलिसेकंद सगळा प्रोग्रॅम ताटकळतो. अधूनमधून असे झाले तर सरासरी वापराच्या आलेखावर ते दिसतही नाही. आलेख म्हणतो ४० टक्के, आणि ग्राहक म्हणतो सेवा अडखळते. दोघेही खरे बोलत असतात. जुन्या जावाचा त्रास याच जातीचा होता. कंटेनरला दोन प्रोसेसर दिलेले असले तरी ती अख्ख्या यंत्राचे ६४ मोजायची आणि त्या हिशेबाने थ्रेड काढायची. २०१८ च्या जावा १० मध्ये ते सुधारले.

महासंगणकावर वाटणी नोडने होते. तुमच्या जॉबला शंभर नोड मिळाले की त्यांवर दुसरे कुणी नसते. मग आतल्या प्रोसेसची नेमणूक करण्याची गरजच काय? याचे सर्वोत्तम उत्तर २००३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतून आले. तिथल्या 'एएससीआय क्यू' या यंत्रात प्रत्येक नोडला चार अल्फा प्रोसेसर होते आणि ट्रू६४ युनिक्स होते. एक मोठा प्रोग्रॅम अपेक्षेपेक्षा निम्म्याच वेगाने चालत होता. फॅब्रिझिओ पेट्रिनी, डॅरेन केर्बिसन आणि स्कॉट पेकिन यांनी शोध घेतला. यंत्रात बिघाड नव्हता, प्रोग्रॅममध्येही दोष नव्हता. चारपैकी तीनच प्रोसेसर प्रोग्रॅमला दिले आणि चौथा मोकळा ठेवला, तर काम जास्त वेगाने होत होते.

कारण असे. प्रत्येक नोडवर युनिक्सच्या स्वतःच्या लहानसहान सेवा अधूनमधून जाग्या होतात. प्रत्येकीला क्षणभरच प्रोसेसर लागतो. एका नोडवर हा खर्च अगदी थोडा असतो. पण हजारो प्रोसेसरांवर पसरलेला प्रोग्रॅम पावलापावलाला एकमेकांसाठी थांबतो. सगळ्यांनी आपला तुकडा पुरा केल्याशिवाय कुणीच पुढचे पाऊल टाकत नाही. मग एका पावलाला हा नोड अडतो, पुढच्या पावलाला तो, आणि प्रत्येक वेळी सगळेच अडतात. चौथा प्रोसेसर त्या सेवांसाठी राखून ठेवला की अडणे संपते. काही सेवा काढून टाकून, काहींचे जागे होणे कमी करून आणि काही ठरावीक नोडवर हलवून त्या प्रोग्रॅमचा वेग सुमारे दुप्पट झाला. नवा प्रोसेसर विकत घ्यावा लागला नाही. प्रत्युष हा क्रे कंपनीचा एक्ससी४० आहे. त्या यंत्रांच्या लिनक्समध्ये एखादा कोर यंत्रणेच्या सेवांसाठी बाजूला काढण्याची सोय मुद्दाम दिलेली असते, ती याच धड्यातून. २१ अंदाजांच्या संचालाही हे लागू पडते. वीस संपले आणि एकविसावा अडकला तर टक्केवारी काढता येत नाही.

आता मोजणीकडे येतो, कारण वाटणीची बहुतेक भांडणे चुकीच्या मोजणीतून उठतात. सर्वांत लोकप्रिय आकडा 'लोड अ‍ॅव्हरेज'. तो १९७० च्या दशकातल्या टेनेक्सपासून चालत आलेला आहे. एक, पाच आणि पंधरा मिनिटांची घसरती सरासरी. सोलारिसवर तो प्रोसेसरवर असलेल्या आणि त्याची वाट पाहणाऱ्या कामांची संख्या सांगतो. लिनक्स १९९३ पासून त्यात डिस्कवर खिळून बसलेली कामेही धरतो. म्हणून लिनक्सवर लोड चाळीस आणि प्रोसेसर मोकळे असे दृश्य दिसते, आणि सोलारिसवरून आलेला अ‍ॅडमिन जादा प्रोसेसर मागून मोकळा होतो.

दुसरा आकडा वापराची टक्केवारी. नोंदी ठेवणारे 'सिसस्टॅट' सामान्यतः दर दहा मिनिटांनी एक नोंद करते. त्या नोंदीत ५० टक्के लिहिले असेल तर दहाही मिनिटे यंत्र निम्मे चालले, की पाच मिनिटे पूर्ण तुंबले आणि पाच मिनिटे रिकामे बसले, हे तो आकडा सांगू शकत नाही. ज्या माणसाचा उतारा त्या तुंबलेल्या पाच मिनिटांत अडला, त्याच्या लेखी सरासरीला अर्थ नाही. आणि प्रोसेसर कशाला म्हणायचे हाही प्रश्न आहे. २००५ च्या अल्ट्रास्पार्क टी१ मध्ये आठ कोर होते आणि प्रत्येक कोरवर चार थ्रेड, म्हणून सोलारिसला बत्तीस प्रोसेसर दिसत. चार 'प्रोसेसर' देऊन तुम्ही पूल केला आणि ते चारही एकाच कोरचे निघाले, तर प्रत्यक्षात दिला एक कोर. आजच्या दोन थ्रेडच्या कोरवरही वापर ५० टक्के दिसतो तेव्हा उरलेले ५० टक्के शिल्लक आहेत असे धरून चालणे धोक्याचे असते.

सोलारिसचे 'पूलस्टॅट' या बाबतीत प्रामाणिक आहे. प्रत्येक पूलसमोर ते तीन आकडे देते : आकार, वापर आणि लोड. समजा आकार चार, वापर ३.९ आणि लोड चार. यंत्र पूर्ण कामात आहे आणि कुणी ताटकळत नाही. याहून चांगली स्थिती नाही. आकार चार, वापर ३.९ आणि लोड अकरा, तर दाराशी रांग आहे. वापर दोन्हीकडे तोच. फक्त वापराचा आलेख लावून बसलेल्या खोलीला या दोन दिवसांतला फरक कधीच कळणार नाही. सोलारिस १० पासून प्रत्येक थ्रेडच्या वेळेचा बारीक हिशेब सुरूच असतो. 'पीआरस्टॅट'मध्ये एक रकाना असा आहे की त्यात तो थ्रेड धावायला तयार असूनही किती टक्के वेळ प्रोसेसरची वाट पाहत उभा होता ते दिसते. लिनक्सला अशी थेट सोय गटागटाने मिळायला डिसेंबर २०१८ उजाडले. फेसबुकच्या योहानेस वायनर यांनी लिहिलेल्या या 'प्रेशर'च्या नोंदी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क या तिन्हींसाठी सांगतात, की गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत कामे किती टक्के वेळ अडून होती.

माझा आग्रह इथेच आहे. किती वापरले हे यंत्राच्या मालकाला हवे असते. कोण किती थांबले हे काम घेऊन आलेल्याला हवे असते, आणि वाटणी योग्य की अयोग्य हे या थांबण्याच्या आकड्यावरूनच ठरते. त्यातून कुंपणाचा प्रश्नही सुटतो. ज्या कामाला घड्याळ आहे त्याला कुंपण, आणि ते वाटते त्यापेक्षा लहान. उरलेल्या सगळ्यांना वजन. मग थांबणे मोजत राहायचे आणि आकड्याने सांगितले तरच कुंपण हलवायचे. सगळ्यांना कुंपणे घातलेला सर्व्हर कागदावर नीटनेटका दिसतो, प्रत्यक्षात तो निम्मा रिकामा असतो आणि तरीही तिथे रांग असते.

एवढे करूनही काही गोष्टी वाटल्या जात नाहीत. प्रोसेसर वेगळे दिले तरी एकाच चिपवरची शेवटच्या पातळीची कॅश आणि मेमरीकडे जाणारा रस्ता सामाईक असतो. पूल कितीही काटेकोर असो, शेजारच्या पूलमधले मोठे काम ही कॅश धुऊन टाकते. इंटेलने कॅशचे भाग पाडण्याची सोय दिली आणि २०१७ पासून लिनक्समधून ती वापरता येते, पण ती चालू केलेले सर्व्हर शोधावे लागतात. महासंगणकावर याहून मोठी सामाईक गोष्ट म्हणजे फाइल-व्यवस्था. नोड तुमचे एकट्याचे, पण फाइली सगळ्यांच्या एकाच ठिकाणी. एखाद्या विद्यार्थ्याच्या जॉबने लाखो चिमुकल्या फाइली उघडायला सुरुवात केली, की शंभर नोड राखून ठेवलेला अंदाजही निकाल लिहिताना अडतो. प्रोसेसरच्या आलेखावर त्या वेळी सगळे शांत असते. लस्टरसारख्या फाइल-व्यवस्थांत आता जॉबनुसार लगाम घालता येतो. तो घालायला कुणाचा जॉब किती फाइली उघडतो ही नोंद आधी हवी.

रांगेचा हिशेब तुलनेने सोपा आहे. पीबीएस असो वा स्लर्म, प्रत्येक जॉब कधी दाखल झाला, कधी सुरू झाला आणि कधी संपला या तीन वेळा शेड्यूलर स्वतःच लिहून ठेवतो. मोठ्या जॉबसाठी नोड जमेपर्यंत मधल्या फटीत लहान जॉब बसवण्याची युक्तीही त्यात असते. जॉबला किती वेळ लागेल हे लोकांनी खरे सांगितले तरच ती चालते. दहा तासांच्या जॉबला अठ्ठेचाळीस तास लिहून देणारा माणूस फटीत बसू शकत नाही आणि स्वतःच जास्त थांबतो. हे त्याला आकड्यात दाखवले तर तो पुढच्या वेळी नीट लिहितो. पेटाफ्लॉपचा आकडा उद्‍घाटनाच्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत येतो. त्यानंतर दर महिन्याला प्रत्येक सार्वजनिक यंत्राने दोनच आकडे आपल्या पाटीवर लावावेत असे मला वाटते : दाखल होण्यापासून सुरू होईपर्यंत मध्यक (मीडियन) जॉबला किती वेळ लागला, आणि सर्वांत जास्त थांबलेल्या पाच टक्क्यांना किती. रोजच्या अंदाजासाठी तिसरा, की महिन्यातल्या किती दिवशी तो ठरलेल्या वेळेला बाहेर पडला. नोंदी आजही त्या यंत्रांत आहेत, आणि बेरीज करायला एका लहानशा स्क्रिप्टपलीकडे काही लागत नाही.